स्वयंचलित सॉफ्टवेअर चाचणीत यादीच्या क्रमाची पडताळणी : गुणवत्ता यादीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

प्रवेश, परीक्षा व शिष्यवृत्ती यांसंबंधीच्या बहुतेक याद्या आज संगणक प्रणालीद्वारे तयार होतात. या याद्यांचा क्रम अचूक आहे किंवा नाही, हे तपासण्याचे कामही अनेकदा स्वयंचलित चाचणीवर सोपविले जाते. वरवर पाहता ही पडताळणी अत्यंत सोपी वाटते. तथापि समान गुण, रिक्त नोंदी, मजकूर म्हणून साठविलेले अंक आणि मराठी वर्णक्रम यांमुळे ती सदोष ठरण्याची शक्यता असते. सदोष चाचणी चुकीची यादीही अचूक ठरविते व त्यामुळे दोष झाकला जातो. प्रस्तुत लेखात क्रमाच्या पडताळणीची तत्त्वे, तिच्या पद्धती, नेहमी आढळणारे दोष व त्यांवरील उपाय यांचे गुणवत्ता यादीच्या संदर्भात विवेचन केले आहे.

बीज शब्द : सॉफ्टवेअर चाचणी, क्रमवारी, तुलनानियम, गुणवत्ता यादी, युनिकोड, मराठी वर्णक्रम.

प्रस्तावना

यादी हा प्रशासनाचा एक मूलभूत घटक आहे. महाविद्यालयातील हजेरीपट, गुणवत्ता यादी, ग्रंथालयाची तालिका किंवा सेवाज्येष्ठता यादी यांपैकी प्रत्येकीचे मोल तिच्यातील नावांइतकेच त्या नावांच्या क्रमातही असते. गुणवत्ता यादीत तर क्रम हाच निर्णय असतो. साठ जागांच्या तुकडीत साठावे नाव प्रवेश मिळविते आणि एकसष्टावे प्रतीक्षा यादीत जाते. या दोन नावांची अदलाबदल झाली, तर संगणकाच्या दृष्टीने ती एक क्षुल्लक चूक असते; विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र एका शैक्षणिक वर्षाचा प्रश्न असतो.

पूर्वी अशा याद्या हाताने तयार होत आणि दुसरी व्यक्ती त्या ताडून पाही. आज यादी प्रणाली तयार करते आणि ताडून पाहण्याचे काम चाचणीची आज्ञावली करते. जावा भाषेसाठी केंट बेक व एरिक गामा यांनी १९९७ मध्ये तयार केलेले जेयुनिट आणि संकेतस्थळांच्या चाचणीसाठी २००४ मध्ये जेसन हगिन्स यांनी सुरू केलेले सेलेनियम यांसारख्या साधनांमुळे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. प्रणालीत बदल झाला की शेकडो चाचण्या आपोआप चालतात आणि त्या उत्तीर्ण झाल्या की प्रणाली वापरास योग्य समजली जाते. म्हणूनच चाचणी स्वतः कितपत विश्वासार्ह आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. ‘यादी क्रमाने आहे’ या विधानाचा नेमका अर्थ स्पष्ट करणे.
२. क्रम पडताळण्याच्या प्रमुख पद्धतींचा तौलनिक परिचय करून देणे.
३. चुकीच्या यादीलाही उत्तीर्ण करणाऱ्या चाचण्या कशा निर्माण होतात, याची कारणे शोधणे.
४. मराठी नावांच्या याद्यांसंबंधीच्या विशेष अडचणी मांडणे.

क्रमाची संकल्पना

कोणतीही यादी स्वतःहून क्रमाने किंवा अक्रमाने नसते. ती एखाद्या तुलनानियमाच्या संदर्भात क्रमाने असते. दोन नोंदींपैकी आधी कोणती यावी, हे सांगणारा नियम म्हणजे तुलनानियम होय. या नियमाने काही अटी पाळणे आवश्यक असते. त्यांपैकी महत्त्वाची अट संक्रमणाची आहे. पहिली नोंद दुसरीच्या आधी आणि दुसरी तिसरीच्या आधी येत असेल, तर पहिली तिसरीच्याही आधी आली पाहिजे. ही अट पाळली जात असेल, तर एक मोठी सोय होते. यादीतील प्रत्येक नोंद फक्त तिच्या लगतच्या नोंदीशी ताडून पाहिली तरी संपूर्ण यादीचा क्रम सिद्ध होतो. ५०० नावांच्या यादीतील सर्व जोड्या तपासायच्या झाल्यास १,२४,७५० तुलना कराव्या लागतील. लगतच्या जोड्या तपासण्यास केवळ ४९९ तुलना पुरतात.

क्रम हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. क्रमबद्ध यादीत नाव शोधताना संगणक बहुधा यादी मध्यावर दुभागतो आणि नको असलेला अर्धा भाग सोडून देतो. यादीचा क्रम बिघडलेला असेल, तर यादीत असलेले नावही ‘आढळले नाही’ असे उत्तर मिळू शकते.

पडताळणीच्या दोन पद्धती

व्यवहारात मुख्यतः दोन पद्धती वापरल्या जातात.

पहिली पद्धत प्रतीची. प्रणालीने दिलेल्या यादीची प्रत काढावयाची, ती प्रत चाचणीने स्वतः क्रमाने लावावयाची आणि मूळ यादी तिच्याशी तंतोतंत जुळते का ते पाहावयाचे. ही पद्धत समजण्यास सोपी आहे, म्हणून नवशिक्या परीक्षकांत ती अधिक आढळते.

दुसरी पद्धत लगतच्या जोड्यांची. यादीतील प्रत्येक नोंद तिच्या पुढील नोंदीशी ताडावयाची व नियमाचा भंग होताच स्थान आणि दोन्ही मूल्ये यांसह दोष नोंदवावयाचा. या पद्धतीचा खरा लाभ वेळेच्या बचतीपेक्षा दोषाच्या वर्णनात आहे. ‘याद्या जुळत नाहीत’ या संदेशापेक्षा ‘स्थान ६० वरील ८१ गुणांनंतर स्थान ६१ वर ८३ गुण आहेत’ हा संदेश दुरुस्तीस कितीतरी अधिक उपयोगी पडतो. अनेक साधनांत ही सोय तयारच मिळते. सी++ भाषेच्या २०११ च्या प्रमाणात ‘इज सॉर्टेड’ हे कार्य समाविष्ट झाले. जावासाठीच्या असर्टजे व डॉटनेटसाठीच्या एनयुनिट या साधनांतही क्रमाची थेट पडताळणी करता येते.

नेहमी उत्तीर्ण होणाऱ्या चाचण्या

जी चाचणी कधीच अनुत्तीर्ण होऊ शकत नाही, ती चाचणी नव्हे. क्रमाच्या पडताळणीत अशा निरर्थक चाचण्या चार प्रकारे निर्माण होतात.

पहिला प्रकार प्रतीच्या पद्धतीतील आहे. जावा, पायथन व जावास्क्रिप्ट या भाषांत यादीला दुसरे नाव दिल्याने तिची प्रत होत नाही. दोन्ही नावे एकाच यादीकडे निर्देश करतात. त्यातच जावास्क्रिप्टमधील ‘सॉर्ट’, पायथनमधील यादीचे ‘सॉर्ट’ आणि जावातील ‘कलेक्शन्स सॉर्ट’ ही कार्ये मूळ यादीतच बदल करतात. परिणामी परीक्षकाला वाटते की दोन याद्यांची तुलना झाली. प्रत्यक्षात आताच क्रमाने लावलेली एकच यादी स्वतःशी ताडली जाते. असा निकाल सदैव अनुकूलच येणार. पायथनमधील ‘सॉर्टेड’ किंवा जावास्क्रिप्टच्या २०२३ च्या प्रमाणातील ‘टूसॉर्टेड’ ही नवी यादी देणारी कार्ये वापरल्यास हा दोष टळतो.

दुसरा प्रकार रिकाम्या यादीचा. ज्या यादीत एकही नाव नाही किंवा एकच नाव आहे, ती व्याख्येनेच क्रमबद्ध असते. सेलेनियममध्ये अनेक घटक शोधणाऱ्या आज्ञेला काहीही न आढळल्यास ती दोष न देता रिकामी यादी परत करते. पान पूर्ण उघडण्यापूर्वीच चाचणी पुढे गेली, तर शून्य नावांची यादी तपासली जाते आणि चाचणी उत्तीर्ण होते.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर आहे. क्रमबद्ध यादीतून कोणतेही नाव गाळले, तरी उरलेली यादी क्रमबद्धच राहते. पाचशे अर्जदारांपैकी एकाचे नाव यादीत आलेच नाही किंवा एखाद्याचे दोनदा आले, तरी केवळ क्रम तपासणाऱ्या चाचणीला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून क्रमवारीच्या चाचणीत दोन गोष्टी स्वतंत्रपणे सिद्ध कराव्या लागतात : नोंदी नियमानुसार लागल्या आहेत आणि मूळ नोंदींपैकी प्रत्येक नोंद जितक्या वेळा होती तितक्याच वेळा आली आहे.

चौथा प्रकार अपुऱ्या नमुन्याचा. चाचणीसाठी घेतलेली माहिती मुळातच क्रमाने साठविलेली असेल, तर प्रणालीने काहीही न करता ती जशीच्या तशी परत केली तरी चाचणी उत्तीर्ण होते. नमुना माहिती हेतुपुरस्सर विस्कळीत असली पाहिजे.

अंक, मजकूर व दिनांक

संकेतस्थळावरून वाचलेली प्रत्येक गोष्ट चाचणीच्या हाती मजकूर म्हणून येते. मजकुराची तुलना डावीकडून एकेका चिन्हाने होते. त्यामुळे ९५, ८ व १०० हे गुण मजकूर म्हणून उतरत्या क्रमाने लावल्यास ९५, ८, १०० असा क्रम येतो आणि पैकीच्या पैकी गुण मिळविणारा विद्यार्थी तळाशी जातो. जावास्क्रिप्टमधील ‘सॉर्ट’ला तुलनानियम दिला नाही, तर ते संख्यांनाही मजकूर समजून लावते. प्रणाली व चाचणी या दोहोंतही हाच दोष असेल, तर दोघांचे एकमत होते आणि चूक दिसतच नाही.

मराठी याद्यांत या अडचणीला आणखी एक पैलू आहे. देवनागरी अंक व आंतरराष्ट्रीय अंक यांचे संकेतांक वेगळे आहेत. पायथन भाषा ‘१००’ या देवनागरी मजकुराचे संख्येत रूपांतर बिनचूक करते. जावास्क्रिप्टमधील ‘नंबर’ हे कार्य मात्र त्याच मजकुरासाठी ‘संख्या नव्हे’ असे विशेष मूल्य देते. या मूल्याचा गुणधर्म असा की त्याची कोणत्याही संख्येशी केलेली लहानमोठेपणाची तुलना असत्य ठरते. त्यामुळे ‘आधीचे गुण नंतरच्या गुणांहून कमी असल्यास दोष नोंदवा’ अशी अट लिहिलेली असेल, तर ती अट कधीच पूर्ण होत नाही आणि कितीही विस्कळीत यादी उत्तीर्ण होते. उपाय सोपा आहे. तुलनेपूर्वी प्रत्येक मूल्य खरोखर संख्या आहे याची खात्री करावी आणि अट ‘आधीचे गुण नंतरच्या गुणांहून अधिक किंवा समान असलेच पाहिजेत’ अशा होकारार्थी रूपात लिहावी.

दिनांकाबाबतही हेच घडते. दिवस-महिना-वर्ष या रूपातील दिनांक मजकूर म्हणून ताडल्यास २००६ मधील १ तारीख २००४ मधील ५ तारखेच्या आधी लागते. वर्ष-महिना-दिवस हे रूप, आवश्यक तेथे शून्य लावून, वापरल्यास मजकुराचा क्रम व काळाचा क्रम एकच राहतो.

समान गुण व रिक्त नोंदी

दोन विद्यार्थ्यांचे गुण समान असताना आधी कोण, याचे उत्तर संगणकाने नव्हे तर प्रवेश नियमांनी द्यावयाचे असते. उदाहरणादाखल, एकूण गुण समान असल्यास गणिताचे गुण आणि तेही समान असल्यास जन्मदिनांक पाहावा, असा नियम मानू. अशा वेळी प्रत्येक स्तंभ स्वतंत्रपणे तपासणे चूक ठरते. कारण गणिताचे गुण संपूर्ण यादीत उतरत्या क्रमाने असणे अपेक्षितच नाही. ते फक्त समान एकूण गुणांच्या गटात तसे असले पाहिजेत. म्हणून लगतच्या जोडीत प्रथम एकूण गुण ताडावेत, ते समान असतील तरच पुढील निकषाकडे वळावे.

नियम दिलेलाच नसेल तर काय होते? काही क्रमवारी पद्धती समान नोंदींचा मूळ क्रम कायम राखतात. त्यांना स्थिर पद्धती म्हणतात. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी रचलेली टिमसॉर्ट ही पद्धत स्थिर आहे. जावास्क्रिप्टच्या प्रमाणाने मात्र स्थिरतेची हमी २०१९ मध्ये दिली. माहितीसंचाच्या बाबतीत समान नोंदींच्या क्रमाची कोणतीही हमी नसते. याचा परिणाम पानांमध्ये विभागलेल्या यादीत तीव्रतेने दिसतो. प्रत्येक पानासाठी माहिती नव्याने मागविली जाते आणि समान गुणांच्या नोंदी दर वेळी वेगळ्या क्रमाने येऊ शकतात. त्यामुळे एक विद्यार्थी दोन्ही पानांवर दिसतो आणि दुसरा कोणत्याच पानावर दिसत नाही. प्रत्येक पान स्वतंत्रपणे तपासले तर दोन्ही पाने क्रमबद्धच आढळतात. म्हणून सर्व पाने एकत्र जोडून तपासणे आणि अखेरचा निकष म्हणून अर्ज क्रमांकासारखे अद्वितीय मूल्य ठेवणे आवश्यक आहे.

रिक्त नोंदीचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. अनुपस्थित विद्यार्थ्याच्या गुणांची जागा माहितीसंचात बहुधा रिक्त असते. पोस्टग्रेस व ओरॅकल या प्रणाली रिक्त मूल्याला इतर सर्व मूल्यांहून मोठे मानतात. मायएसक्यूएल व मायक्रोसॉफ्टची एसक्यूएल सर्व्हर ही प्रणाली लहान मानतात. साहजिकच पहिल्या दोन प्रणालींत उतरत्या क्रमाची यादी, वेगळी सूचना न दिल्यास, अनुपस्थित विद्यार्थ्यांपासून सुरू होते. विकासाच्या वेळी एक प्रणाली आणि प्रत्यक्ष वापरात दुसरी असल्यास हा फरक चाचणीत न दिसता थेट जाहीर यादीतच प्रकट होऊ शकतो.

मराठी वर्णक्रमाची पडताळणी

नावांच्या याद्यांत तुलनानियम म्हणजे वर्णक्रम. आज्ञावलीत वेगळी सूचना नसेल, तर बहुतेक भाषा मजकुराची तुलना युनिकोडच्या संकेतांकांनुसार करतात. देवनागरीचा संकेतांकक्रम मराठी वर्णमालेच्या पुष्कळसा जवळ आहे, परंतु तंतोतंत तसा नाही. त्यामुळे यादी सकृद्दर्शनी योग्य भासते आणि चुका मोजक्याच ठिकाणी राहतात.

मराठी वर्णमालेत ळ हा वर्ण ह नंतर येतो. युनिकोडमध्ये तो ल व व यांच्या दरम्यान आहे. मराठी परंपरेत क्ष व ज्ञ वर्णमालेच्या शेवटी येतात; युनिकोडमध्ये क्ष साठी स्वतंत्र संकेतांक नसून तो क, हलन्त चिन्ह व ष यांनी बनतो, म्हणून क च्या गटात पडतो. महाराष्ट्र शासनाच्या २००९ मधील निर्णयाने ॲ व ऑ यांना स्वरांत स्थान दिले. परंतु ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ साली, म्हणजे मूळ वर्णांच्या पुष्कळ नंतर, संकेतांक मिळाल्यामुळे तो ह च्याही पुढे आहे. पुढील आठ नावांवरून हा भेद स्पष्ट होईल.

संकेतांकानुसार : कामत, काळे, कावळे, कासार, क्षीरसागर, खरे, हळबे, ॲलन.

मराठी वर्णक्रमानुसार : ॲलन, कामत, कावळे, कासार, काळे, खरे, हळबे, क्षीरसागर.

याशिवाय एकच अक्षर दोन प्रकारे लिहिले जाण्याची अडचण आहे. ॲ हे अक्षर एका संकेतांकानेही लिहिता येते आणि अ ला अर्धचंद्र जोडूनही. ‘कऱ्हाडे’ या नावातील अर्धा र सुद्धा दोन प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती भिन्न वाटतात. परिणामी एकाच विद्यार्थ्याच्या दोन नोंदी जुळत नाहीत किंवा नाव अनपेक्षित ठिकाणी जाते. चाचणीपूर्वी सर्व मजकूर एका ठरावीक रूपात आणणे हा यावरील उपाय होय.

भाषानुरूप क्रमासाठी युनिकोड संघटनेने स्वतंत्र तांत्रिक प्रमाण प्रसिद्ध केले असून निरनिराळ्या भाषांचे वर्णक्रमाचे नियम तिच्या सामायिक माहितीकोशात मिळतात. त्यांत मराठीचेही नियम आहेत. तथापि येथे एक सावधगिरी हवी. प्रणाली व चाचणी दोन्ही एकाच ग्रंथालयातील तोच नियम वापरत असतील, तर त्या नियमाची किंवा त्याच्या निवडीची चूक उघडकीस येत नाही. हिंदीचा नियम चुकून निवडला गेला, तरी दोघांचे एकमत होईल. म्हणून भाषेच्या जाणकाराने हाताने लावलेली वीस-पंचवीस निवडक नावांची एक लहान यादी चाचणीत अवश्य असावी. ळ, क्ष, ज्ञ, ॲ, अनुस्वार व जोडाक्षरे असलेली नावे तीत घ्यावीत.

चाचणीची चाचणी आणि तिच्या मर्यादा

चाचणी विश्वासार्ह आहे की नाही, हे ठरविण्याचा सर्वांत सुलभ मार्ग म्हणजे तिला मुद्दाम चुकीची यादी देणे. दोन नावांची अदलाबदल करावी, एक नाव गाळावे, एक नाव दोनदा घ्यावे, यादी रिकामी ठेवावी. प्रत्येक वेळी चाचणी अनुत्तीर्ण झालीच पाहिजे. या विचाराचे शास्त्रीय रूप डीमिलो, लिप्टन व सेवर्ड यांनी १९७८ मध्ये मांडले. तसेच कोएन क्लासेन व जॉन ह्यूज यांच्या क्विकचेक (२०००) या साधनापासून यादृच्छिक याद्या निर्माण करून त्यांवर ‘क्रम’ व ‘तीच नोंदसंख्या’ हे गुणधर्म तपासण्याची पद्धत प्रचलित झाली.

तरीही चाचणीने दोषाचे अस्तित्व दाखविता येते. दोष मुळीच नाही, हे सिद्ध करता येत नाही. जावाच्या ग्रंथालयातील दुभाजन शोधाच्या आज्ञावलीत अतिविशाल याद्यांच्या बाबतीत प्रकटणारा दोष सुमारे नऊ वर्षे लपून होता. तो २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केला. वर उल्लेखिलेल्या टिमसॉर्टमधील एक दोष २०१५ मध्ये स्टाइन दे खाउ व त्यांचे सहकारी ती आज्ञावली गणिती पद्धतीने सिद्ध करण्याचा प्रयत्न करीत असताना आढळला. तोपर्यंत ती जगभर वापरात होती आणि तिच्या चाचण्या उत्तीर्ण होत होत्या.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.
१. लिखित तुलनानियमाशिवाय क्रमाची पडताळणी अर्थहीन ठरते. समान गुण व रिक्त नोंदी यांचा नियम त्यात समाविष्ट असावा.
२. क्रम तपासण्यासोबतच नोंदींची पूर्णता स्वतंत्रपणे तपासणे अनिवार्य आहे.
३. लगतच्या जोड्यांची पद्धत दोषाचे नेमके स्थान सांगते, म्हणून ती अधिक उपयुक्त आहे.
४. अंक व दिनांक यांची तुलना त्यांच्या मूळ स्वरूपात व्हावी, मजकूर म्हणून नव्हे.
५. मराठी याद्यांसाठी संकेतांकक्रम पुरेसा नाही. भाषातज्ज्ञाने लावलेली नमुना यादी हाच अंतिम आधार होय.

समारोप

क्रमाची पडताळणी हा विषय संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एका तासात उरकला जातो. वस्तुतः त्यात गणिताचा तर्क, भाषेचा वर्णविचार आणि प्रशासनाचे नियम एकत्र येतात. तुलनानियम प्रवेश समितीने लिहून द्यावा, नावांची नमुना यादी मराठी विभागाने लावावी आणि संगणक विभागाने त्यांवरून चाचणी रचावी, अशी विभागणी प्रत्येक महाविद्यालयात सहज शक्य आहे. विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर चाचणी शिकविताना उत्तीर्ण चाचणीइतकेच महत्त्व अनुत्तीर्ण होऊ शकणाऱ्या चाचणीला दिले गेले, तर साठाव्या व एकसष्टाव्या नावांमधील रेषा नियमानुसारच आखली गेली आहे, असे अधिक विश्वासाने म्हणता येईल.